पोटाखालचा पत्रा

माझे थोरले बंधू नेसरीच्या पलीकडे, माळावरच्या शेतात राहतात. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. डांबरी रस्ता सोडल्यानंतर त्यांच्या घरापर्यंत तीन किलोमीटरची वाट आहे. जांभ्या खडकाचे उंचवटे, बैलगाड्यांनी कोरलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मध्ये एक ओढा आणि ओढ्याच्या दोन्ही काठांवर पावसाने उघडे पाडलेले दगड. दर पावसाळ्यानंतर ही वाट थोडी निराळी होते. गेल्या वर्षी ओळखीचा झालेला दगड जागचा हललेला असतो आणि त्याच्या शेजारी दुसराच वर आलेला असतो.

मी कोल्हापूरला, कसबा बावड्यात राहतो आणि कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. महिन्यातून दोन शनिवारी वर्ग संपले की अण्णांकडे जायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे, हा माझा गेल्या दहाबारा वर्षांचा परिपाठ. या वाटेसाठीच मी चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी, उंच गाडी घेतली होती. ती दारात उभी राहिली तेव्हा, भावाला भेटायला रणगाडा कशाला, असे माझ्या पत्नीने विचारले होते.

त्या वाटेवर गाडी नेण्याची आम्हा भावांची एक पद्धत होती. डांबरी रस्त्यावरून मी फोन करायचो आणि अण्णा घरून निघून ओढ्यापाशी येऊन थांबायचे. मी गाडी थांबवून उतरायचो. आम्ही दोघे ओढ्याचा उतार आणि पलीकडचा चढ पायी पाहून यायचो. मग मी गाडीत बसायचो आणि अण्णा पुढे चालू लागायचे. जो दगड टाळायचा, त्यावर ते स्वतः जाऊन उभे राहत. भावाच्या अंगावर गाडी कोण घालणार, इतका साधा विचार त्यामागे होता. मी बाजूने निघून गेलो की ते त्या दगडावरून उतरून पुढच्या दगडावर चढत. मध्येच ओरडत, “आरं डावीकडं. तुझ्या पुस्तकातलं डावं न्हवं, माझं डावं.” एवढासा ओढा ओलांडायला आम्हाला पंधरा मिनिटे लागत. त्यानंतर ते माझ्या शेजारच्या आसनावर येऊन बसत आणि घरापर्यंतच्या उरलेल्या वाटेत ऊस, विहिरीचे पाणी, गावातली आजारपणे आणि लग्ने यांचा वृत्तान्त मला देत. घरी पोचल्यावर इतर माणसांत ते फारसे बोलत नसत. आमचे खरे बोलणे त्या गाडीतच होत असे, हे मला फार उशिरा उमगले.

मोटारीच्या इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे एक भांडे असते. आमच्या भागात मेस्त्रीपासून प्राध्यापकापर्यंत सगळे त्याला चेंबर म्हणतात. तो जमिनीच्या जवळ असतो आणि दगडाचा घाव सोसण्यासाठी घडवलेला नसतो. चेंबर फुटला की तेल वाहून जाते, आणि तेलावाचून इंजिन थोड्याच वेळात स्वतःच्याच उष्णतेने जाम होते. म्हणून खडकाळ वाटेवर फिरणारे लोक गाडीच्या पोटाखाली जाड लोखंडी पत्रा बसवून घेतात. असा पत्रा बसवावा की नाही, यावर अण्णा आणि मी जवळजवळ दोन वर्षे वाद घालत होतो.

माझी बाजू अर्थातच शास्त्रशुद्ध होती. आघाताचे बल मोठ्या पृष्ठभागावर विभागले जाते, ते चेंबरकडे न जाता गाडीच्या सांगाड्याकडे वळते, वगैरे मी त्यांना चुलीपाशी बसून समजावले होते. अण्णांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, “पत्रा बसीवलास की तू उतरायचं सोडशील.” आणि थोडे थांबून, हसत, “मग मी तरी वढ्यावर कशाला येऊ?”

मी ते हसण्यावारी नेले. त्या दुसऱ्या वाक्यात एक प्रश्न होता आणि तो मला विचारलेला होता, हे माझ्या ध्यानात आले नाही.

पत्रा मी उचगावच्या एका मेस्त्रीकडून बसवून घेतला. हा मेस्त्री माझ्याहून वयाने थोडा लहान, मोठ्या आवाजाचा आणि कामात अत्यंत चोख. पत्रा आवळून झाल्यावर त्याने गाडीखालून बाहेर येत हात पुसले आणि म्हणाला, “सर, आता दगडावर गाडी बसली तरी काय हुणार न्हाय.” त्याच दमात त्याने दुसरीही एक गोष्ट सांगितली होती. काही लागल्याचा आवाज आला की उतरून बघायचे. पत्रा वर दबत दबत चेंबरला टेकला, तर पुढचा घाव पत्रा न खाता सरळ चेंबरला देतो. मी दोन्ही वाक्ये ऐकली आणि घरी एकच घेऊन आलो. सोयीचे तेवढे ऐकण्याचा हा गुण माझ्यात पूर्वीपासून आहे. विद्यार्थ्यांत तो दिसला की मी त्यांना टोचून बोलतो.

पत्रा बसवल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी अण्णा नेहमीप्रमाणे ओढ्यावर आले होते. पँटची टोके दुमडून ते पहिल्या दगडावर उभे होते. मी गाडी थांबवली नाही. मी हॉर्न वाजवला.

त्यांना क्षणभर कळले नाही. मग ते दगडावरून खाली उतरून बाजूला झाले. मी त्याच दगडावरून गाडी नेली, पत्रा त्यावर घासून खणखणला, आणि पलीकडच्या काठावर पोचल्यावर मी काच खाली करून त्यांना, पाहिलंत ना, असे विचारले. ते चालत येऊन शेजारी बसले. छान झाले, म्हणाले. त्या दिवशी घरापर्यंत ते आणखी काही बोलल्याचे मला आठवत नाही.

पुढच्या खेपेला ते घरीच थांबले. मी फोन करणेही सोडले. ओढा आता तीन मिनिटांत पार होई. पत्र्यावर दगड आदळला की घुमणारा, स्वच्छ खणखणाट उठे, आणि खरे सांगायचे तर तो मला आवडू लागला होता. प्रत्येक घाव म्हणजे वादात मी जिंकल्याची पुन्हा एकदा मिळालेली पावती वाटे. दर महिन्याला पत्र्याचे नट तपासून घ्या, असेही मेस्त्री म्हणाला होता. वर्षभरात मी एकदाही गेलो नाही.

गेल्या दिवाळीनंतरचा एक रविवार. सकाळचे आठ वाजून गेले होते. मी अंगणात चहा घेत बसलो होतो आणि अण्णा गोठ्यात होते. वहिनींची हाक आली. हाक मोठी नव्हती, म्हणूनच मी कप ठेवून धावलो. अण्णा गव्हाणीला पाठ टेकून खाली बसले होते. तोंडाची एक बाजू ओघळली होती. उजवा हात मांडीवर पडला होता आणि डाव्या हाताने ते तो उचलून पुन्हा पुन्हा जागेवर ठेवत होते, जणू तो दुसऱ्याचा होता.

“भावजी, ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं,” वहिनी म्हणाल्या.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली असेल, ती विरघळवण्याचे इंजेक्शन असते, ते ठरावीक तासांच्या आत द्यावे लागते, हे मी वाचलेले होते. वाचलेले नसते तर बरे झाले असते, असे पुढे कितीदा वाटले. माझ्या डोक्यात त्या क्षणापासून घड्याळ चालू झाले आणि बाकी सगळे थांबले. शेजारचे घर हाकेच्या टप्प्यात नाही. आम्ही दोघांनी अण्णांना कसेबसे उचलून मागच्या आसनावर आडवे केले. वहिनींनी त्यांचे डोके मांडीवर घेतले. मी निघालो.

ओढ्यापर्यंत मी जितक्या वेगाने जाता येईल तितक्या वेगाने गेलो. काठावर आलो तेव्हा वाट उन्हात लख्ख दिसत होती. पावसाळ्यानंतर तिथे एक नवा दगड वर आला होता. आदल्या दिवशी येताना मी तो पाहिला होता आणि त्याच्यावरूनच आलो होतो. उतरून पाहायला दोन मिनिटे लागली असती, आणि चाक हातभर बाजूला घ्यायला काहीच नाही. त्या वेळी मला दोन मिनिटे म्हणजे अण्णांच्या मेंदूचा एकेक तुकडा वाटत होती. खाली पत्रा आहे, हा विचार मनात आला एवढेही म्हणता येणार नाही. तो विचार आता माझ्या पायात मुरला होता. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला गेला नाही.

दगड लागला. नेहमीचा खणखणाट झाला नाही. दबका, भरीव असा एकच आवाज झाला, कोणी पोत्यावर दांडके मारावे तसा.

मोकळा पत्रा वाजतो आणि कशाला तरी टेकलेला पत्रा वाजत नाही. हे मी दर वर्षी अकरावीच्या मुलांना घंटेवर बोट ठेवून दाखवतो. तीस वर्षे दाखवत आलो आहे. त्या आवाजाने सगळे सांगितले होते आणि तो ओळखण्यासाठीच मला पगार मिळतो.

त्याच वेळी मागून अण्णांच्या तोंडून काही अस्पष्ट आवाज आले. मला ते कण्हणे वाटले. धक्क्याने त्यांना त्रास झाला असेल, असे समजून मी मागे न पाहताच म्हणालो, “आलोच, अण्णा. पोचलोच.” मग मी एक गोष्ट केली, जिचा उपयोग मी पुढे महिनोन्‌महिने स्वतःच्या बचावासाठी केला. दार अर्धे उघडून, आसनावरूनच वाकून मी मागच्या जमिनीकडे पाहिले. तेलाचा थेंब नव्हता. असणार नव्हताच. फुटलेल्या चेंबरमधले तेल पहिल्यांदा पत्र्यावर साठते आणि तिथल्या चिखलात मुरते. जमिनीवर ते उशिरा पोचते. उघड्या चेंबरने मला तिथल्या तिथे सांगितले असते. पत्र्याने ते झाकून ठेवले. पण गाडीखाली वाकून पाहणाऱ्याला ते झाकले गेले नसते.

ओढ्याच्या पलीकडचा चढ अर्धा चढून झाला आणि समोर तेलाच्या किटलीच्या आकाराचा लाल दिवा लागला. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. मी थांबलो नाही. थांबलो तर अण्णा इथेच राहतील, चाललो तर कदाचित रस्ता गाठू, असा हिशेब मी केला, आणि हा एकच निर्णय असा आहे की त्याबद्दल मला अजूनही स्वतःला नीट दोषी ठरवता येत नाही. इंजिनातून टिनाच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येऊ लागला. माळाच्या मध्यावर, डांबरी रस्ता अजून दीड किलोमीटर असताना, एक कर्कश ओरड करून ते थांबले.

“का थांबलासा?” वहिनींनी विचारले.

मी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मग मी खाली उतरलो. त्या सकाळी मी तेव्हा पहिल्यांदा उतरलो. गाडीखालून पत्र्याच्या कडेने काळी धार लागली होती.

तिथे फोनला रेंज नव्हती. लांब उसाच्या फडात तोड चालू असल्याचे दिसत होते. मी पळत सुटलो. मी पन्नाशी ओलांडलेला, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस आहे. ढेकळांतून दोनदा पडलो. फडाच्या बांधावर एक ट्रॅक्टरवाला भाकरी खात बसला होता. त्याच्यापुढे उभे राहून मी बोलायला तोंड उघडले तर शब्दच फुटेना. मी नुसता हात हलवून मागे दाखवत राहिलो.

“दम घ्या, पावणं. बसा. आन् मग सांगा कोण मेलंय ते,” तो म्हणाला.

कोणी मेलेले नाही, एवढे सांगता येताच मला रडू कोसळले. त्याने भाकरी तशीच फडक्यात गुंडाळली, भरत आलेली ट्रॉली सोडली, दुसरी रिकामी ट्रॉली जोडली आणि तिच्यात उसाचे पाचट पसरून घेतले. यात त्याने एक क्षणही वाया घालवला नाही, तरी त्यात वेळ गेला. गाडीपर्यंत यायला वेळ गेला. अण्णांना उतरवून पाचटावर निजवायला गेला. ट्रॅक्टरवाल्याने मात्र ट्रॉली दगडांवरून एकदाही नेली नाही. अवघड जागा आली की तो उडी मारून खाली उतरे, पाहून येई, आणि मग हळूच बाजूने काढी. मी ट्रॉलीत बसून ते पाहत होतो. वहिनींनी अण्णांचे डोके दोन्ही तळव्यांत उचलून धरले होते.

रस्त्यावर एक जीप मिळाली. गडहिंग्लजला डॉक्टरांनी पाहून तातडीने कोल्हापूरला न्यायला सांगितले. कोल्हापूरला मेंदूचा फोटो निघाला. तरुण डॉक्टर बाई बाहेर आल्या आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हे त्यांनी मला दोनदा विचारले. मी दोन्हीदा खरे सांगितले. त्या म्हणाल्या, “तासभर आधी आला असता, तर इंजेक्शन देऊन पाहता आलं असतं.”

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. “देऊन पाहता आलं असतं” या शब्दांत आणलेली खात्रीही नव्हती. इंजेक्शन देऊनही काही झाले नसते, अशी शक्यता त्यात शिल्लक होती. त्या शक्यतेला मी कितीतरी दिवस बुडणाऱ्यासारखा धरून होतो.

दवाखान्यात नातेवाईक येऊ लागले. प्रत्येक जण मला विचारी, वाटेत उशीर कशाने झाला? मी प्रत्येकाला सांगत असे, “चेंबर फुटला.” वर जोडत असे, “पत्रा बसवलेला असूनही फुटला.” लोक हळहळत, नशिबाला बोल लावत आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत. आपल्या भाषेची ही एक सोय आहे. चेंबर फुटतो, कप फुटतो, डोके फुटते. फोडणारा कोणीतरी असतो, पण क्रियापद त्याला घरी पाठवून एकटेच साक्षीला उभे राहते. आठवडाभरात हे वाक्य माझ्या तोंडी इतके बसले की मला ते खरे वाटू लागले.

गाडी ओढून उचगावला नेली होती. पंधरा दिवसांनी मी मेस्त्रीकडे गेलो. त्याने पत्रा काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. आतल्या बाजूला तेल आणि माती मिळून झालेला काळा थर होता, आणि त्या थरात एका जागी चेंबरच्या बुडाचा आकार साच्यात उमटावा तसा उमटलेला होता. तिथला पत्रा घासून चकाकत होता. म्हणजे तो फार आधीपासून चेंबरला टेकून होता.

मेस्त्रीने पत्रा उलटा केला आणि बाहेरच्या पोचांवर एकेक करून बोट ठेवू लागला. “ह्यो जुना. ह्यो बी जुना, गंजलाय बगा. ह्यो पावसाळ्याच्या आधीचा. ह्यो नवा.” मग उकिडव्यानेच माझ्याकडे पाहून म्हणाला, “सर, हे एका दगडाचं काम न्हाय. आणि ह्यातला परतेक आवाज तुम्हाला ऐकू आला असणार की.”

त्याला अण्णांची हकीकत ठाऊक नव्हती. नव्या चेंबरबरोबर नवा पत्रा टाकायचा का, एवढेच त्याने मी निघताना विचारले. पत्र्याचा दोष नाही, असे आपले मत त्याने त्याला जोडले. मी हो म्हणालो. जो प्रश्न आम्ही दोन वर्षे चघळला, त्याचे माझे उत्तर आजही तेच आहे: खडकाळ वाट असेल तर पत्रा जरूर बसवावा. त्याने चेंबर वाचतो, आणि माझाही तो वर्षभर वाचवला होता. त्यापुढचे जे सांगायचे आहे ते पत्र्याबद्दलचे नाही, म्हणून मी ते कोणाला सांगत नाही. आता मी त्या ओढ्यावर प्रत्येक वेळी उतरतो, वाट पाहून येतो, दगड हाताने बाजूला करतो. पूर्वी न केलेल्या गोष्टी आता नेमाने केल्याने काही फिटत नाही, तरी करतो.

अण्णा वाचले. त्यांचा उजवा पाय आधाराने टेकतो, उजवा हात नाही. वाचा गेली. गेली असेही म्हणता येत नाही, कारण एक शब्द राहिला आहे. “व्हय.” काहीही विचारा, ते “व्हय” म्हणतात. भूक लागली का, व्हय. झोप आली का, व्हय. हा मुलगा कोण, व्हय. समजते त्यांना बरेच काही, असे डॉक्टर म्हणतात. बाहेर मात्र तेवढाच एक शब्द येतो. वहिनींनी त्यातूनही वाट काढली आहे. खरोखरच होकार असला तर अण्णा “व्हय” म्हणताना डावा हात थोडा उचलतात. नकार असला तर शब्द तोच, पण हात पडून राहतो. हे त्यांनी मला खाटेपाशी उभे राहून दोनतीनदा विचारून दाखवले, एखाद्या यंत्राची खुबी दाखवावी तसे.

महिन्याभरापूर्वी मी गेलो होतो. अण्णा पुढच्या सोप्यात खाटेवर होते आणि वहिनी मागच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. पाच मिनिटे मीही शेंगा फोडल्या. मग म्हणालो, “वैनी, चेंबर फुटला नव्हता. मी फोडला.” आणि सगळे सांगितले. नट न आवळल्याचे, पोचांचे, त्या दबक्या आवाजाचे, न उतरल्याचे.

त्यांचे हात थांबले नाहीत. “म्हाईत हाय मला,” त्या म्हणाल्या.

कसे माहीत, असे मी विचारले.

“दगड लागला तवा ह्यांनी सांगितलं हुतं की तुम्हाला. उतर, बघ, म्हणाले. जीभ जड झालती, तुम्हाला पुढं कळलं नसंल. माझ्या मांडीवर डोकं हुतं. मला कळलं.”

मी विचारले, मग तेव्हा तुम्ही मला का सांगितले नाही?

आता त्यांचे हात थांबले. “मला बी घाई हुती, भावजी. म्हटलं, उतरला तर उशीर हुईल.” त्यांनी सुपातली टरफले वेगळी केली, पुन्हा मिसळली. “तुम्ही आज बोलून मोकळं झालासा. माझं मी कुणाला सांगू?”

मी मोकळा झालो नव्हतो, पण त्यांना ते सांगणे मला योग्य वाटले नाही. त्यांच्या डोक्यावर हात ठेवावा असे वाटले, तेही नात्याने माझ्याकडून व्हायचे नव्हते. अण्णांचे शेवटचे दोन शब्द या जगात त्या एकट्या बाईने ऐकले होते आणि सहा महिने ते तिने गिळून ठेवले होते. माझ्या कबुलीने त्यांच्यावरचे ओझे हलके झाले नाही. उलट, ते आहे हे आता आणखी एका माणसाला कळले.

उठून मी सोप्यात गेलो. अण्णा जागे होते. खाटेच्या कडेला बसून मी त्यांचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. तो उबदार होता आणि त्यावर कामाचे घट्टे अजून होते. मी म्हणालो, “अण्णा, त्या दिवशी ओढ्यात तुम्ही मला उतर म्हणाला होता. मला ते कळलं नाही.”

“व्हय.”

“चूक माझी होती. गाडीची नव्हती.”

“व्हय.”

“मला माफ कराल?”

“व्हय,” ते म्हणाले. ते माझ्याकडे पाहत होते. डोळ्यांत पाणी होते, पण आजारानंतर ते नेहमीच येते.

मी एवढ्यावर थांबायला हवे होते. पण कोणतेही माप उलट बाजूने घेऊन पडताळून पाहण्याची मला आयुष्यभराची सवय. मी विचारले, “की करणार नाही?”

“व्हय.”

त्यानंतर मी काही विचारले नाही. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप खाली ठेवताना त्यांची नजर आमच्या हातांवर क्षणभर थांबली, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की मी अण्णांचा डावा हात पहिल्या प्रश्नाच्या आधीपासून घट्ट धरून ठेवला आहे. उचलावासा वाटला असता तरी त्यांना तो उचलता आला नसता. मी तो प्रेमाने धरला होता असे मला वाटत होते, आणि तसेही असेल. पण उत्तर येऊ नये म्हणूनही धरला असेल. स्वतःच्या मनातले मला हल्ली एवढेही खात्रीने सांगता येत नाही.

हात सोडून तोच प्रश्न पुन्हा विचारता आला असता. वहिनी समोर उभ्या होत्या, अण्णा जागे होते. चहा निवत होता. मी हात सोडला नाही.